भुलीच्या औषधांची सवय लागते का? पीएसीपासून डिस्चार्ज कार्डापर्यंत

ऑपरेशनआधी पीएसीला, म्हणजे भूलपूर्व तपासणीला, आलेले नातेवाईक सगळं विचारून झाल्यावर दाराशी थांबतात आणि आणखी एक शंका काढतात: "डॉक्टर, या गुंगीच्या इंजेक्शनची सवय तर नाही ना लागणार?" एका ऑपरेशनपुरत्या भुलीने व्यसन लागत नाही. तरीही वेदना शमवणारं फेंटानिल, गुंगी आणणारं मिडाझोलाम, आणि भूल देणारी केटामाइन आणि प्रोपोफॉल, या चारही औषधांनी माणसं वाया गेली आहेत, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे कळायला औषध कपाटातून निघून पेशंटच्या घरापर्यंत कोणाकोणाच्या हातून जातं ते पाहावं लागतं. धोका ऑपरेशन टेबलावर फारसा नसतो, टेबलाच्या आजूबाजूला असतो.

सुरुवात पीएसीपासून. फॉर्मवर 'व्यसन' असा रकाना असतो आणि त्यात बहुधा 'नाही' लिहिलेलं असतं, कारण ते उत्तर बायकोमुलांसमोर दिलेलं असतं. म्हणून वजन घेण्याच्या किंवा ईसीजीच्या निमित्ताने पेशंटला एकट्याला आत घ्यायचं आणि प्रश्नच बदलायचा. "दारू घेता का?" याचं ठरलेलं उत्तर "कधीतरी" हे असतं. "रोज एक क्वार्टर होते की जास्त? शेवटची कधी घेतली?" असं विचारलं की आकडा येतो. क्वार्टर म्हणजे १८० मिली. झोपेच्या गोळ्यांचं त्याहून अवघड. अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम वर्षानुवर्षं रोज घेणाऱ्या बाई त्या गोळीला औषधात धरतच नाहीत, ती बीपीच्या गोळीबरोबरची 'छोटी गोळी' असते. त्यामुळे तोंडी यादीवर विसंबायचं नाही, घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणायला सांगायची. खोकल्याचं औषध, दुखण्यावरची ट्रॅमाडॉल, गांजा, गर्द, तंबाखू ही नावं एकेक घेऊन विचारायची. सुरात पोलीस डोकावला की पेशंट गप्प होतो. हे डोस ठरवण्यासाठी विचारतोय, एवढं आधीच सांगून टाकावं.

डोस खरंच त्यावर ठरतो. रोज पिणाऱ्याला किंवा रोज झोपेची गोळी घेणाऱ्याला मिडाझोलामचा नेहमीचा डोस पुरत नाही, कारण मेंदूतल्या ज्या गाबा रिसेप्टरवर, म्हणजे औषध जिथे बसतं त्या जागांवर, ते काम करतं ते आधीच सरावलेले असतात. पण डोस वाढवून हे निभतं. खरा घोळ नंतर होतो. दारू अचानक तुटली की सहा ते चोवीस तासांत हात थरथरायला लागतात आणि ४८ ते ९६ तासांत डिलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे दारू तुटल्याने येणारा भ्रम आणि थरकाप, होऊ शकतो. रविवारी ॲडमिट होऊन सोमवारी ऑपरेशन झालेला पेशंट मंगळवारी किंवा बुधवारी रात्री ड्रेन, म्हणजे जखमेतली नळी, उपसतो, भिंतीवर किडे दिसतात म्हणतो, आणि केस पेपरवर "भुलीचा परिणाम" अशी नोंद होते. भूल केव्हाच उतरलेली असते. रोजची अल्प्राझोलाम एकदम बंद झाली तर बेचैनी येते, क्वचित झटकेही येतात. म्हणून ती गोळी ऑपरेशनच्या सकाळीसुद्धा घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतो.

व्यसनातून बाहेर पडलेल्या किंवा पडू पाहणाऱ्या पेशंटचा हिशेब वेगळा. ओपिऑइडचा, म्हणजे अफूच्या जातीच्या औषधांचा, परिणाम अडवणारी नाल्ट्रेक्सोनची गोळी चालू असेल तर ठरवून केलेल्या ऑपरेशनआधी ४८ ते ७२ तास थांबवावी लागते, नाहीतर फेंटानिल देऊनही वेदना हटत नाहीत. व्यसनमुक्तीच्या उपचारात दिलं जाणारं ब्युप्रेनॉर्फिन मात्र बंद करायचं नाही. "ऑपरेशन आहे ना, मग चार दिवस ती गोळी थांबवा" हा सल्ला अजूनही दिला जातो. त्याने विथड्रॉवल, म्हणजे औषध तुटल्याचा त्रास, येतो आणि पेशंट जुन्या वाटेवर परत जाण्याची शक्यता वाढते. गोळी चालू ठेवून वर लागेल तितकं फेंटानिल द्यावं, जमेल तिथे स्पायनल किंवा नर्व्ह ब्लॉक करावा, म्हणजे तेवढाच भाग बधिर करावा, पॅरासिटामॉल दुखण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे द्यावं. ओपिऑइडची सवय असलेल्याला पेंटाझोसिन हे दुखण्याचं इंजेक्शन कधीही टोचू नये. ते ओपिऑइड जिथे बसतात त्या म्यू रिसेप्टरवर बसतं पण काम अर्धवटच करतं, आणि आधीच्या औषधाला तिथून हुसकावतं. काही मिनिटांत पेशंट घामाघूम होतो, पोटात कळा येतात. आणि या पेशंटना 'सवय परत लागेल' म्हणून दुखत ठेवणं ही काही खबरदारी नव्हे. न शमलेलं दुखणंच त्यांना परत गर्दकडे ढकलू शकतं.

आता टेबल. साठ किलोच्या पेशंटला पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी भूल देताना साधारण मिडाझोलाम १ मिलिग्रॅम, फेंटानिल किलोला २ मायक्रोग्रॅम म्हणजे १२० मायक्रोग्रॅम, आणि प्रोपोफॉल किलोला २ मिलिग्रॅम म्हणजे १२० मिलिग्रॅम, मिलीला १० मिलिग्रॅम या हिशेबाने १२ मिली लागतं. पेशंट अर्ध्या-पाऊण मिनिटात झोपतो. प्रोपोफॉलच्या एका डोसचा परिणाम पाच-दहा मिनिटांत ओसरतो, आणि तो शरीराने औषध संपवल्यामुळे नव्हे, तर ते मेंदूतून निघून स्नायूंत आणि चरबीत पसरल्यामुळे. म्हणून पुढे गॅसवर किंवा पंपावर भूल चालू ठेवावी लागते. जागं होताना काही जण चक्क खुशीत असतात: "काय मस्त झोप लागली हो!" ही खुशी खोटी नाही. पण व्यसन लागायला ती पुरत नाही. ती कशाने आली हे ध्यानात राहावं लागतं, ते औषध पुन्हा हाताशी यावं लागतं, आणि माणसाने ते स्वतः पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं. मिडाझोलाम आठवणच नीट बनू देत नाही, औषध कपाटात कुलूपबंद असतं, आणि सिरिंज दुसऱ्याच्या हातात असते. पेशंट वाचतो तो यामुळे.

ज्याच्या हातात सिरिंज असते त्याला मात्र यातलं कोणतंच संरक्षण नाही.

वरच्याच हिशेबात पाहा. फेंटानिलचं छोटं अँप्यूल, म्हणजे काचेची कुपी, २ मिलीचं असतं, त्यात १०० मायक्रोग्रॅम. १२० मायक्रोग्रॅमसाठी दोन अँप्यूल फोडावी लागतात. ४ मिली भरलं, २.४ मिली दिलं, १.६ मिली म्हणजे ८० मायक्रोग्रॅम उरलं. त्या ८० मायक्रोग्रॅमचं पुढे काय झालं, यासाठीच सगळी कुलपं आणि रजिस्टरं आहेत. अमली पदार्थांवरचा एनडीपीएस कायदा १९८५चा. त्याच्या धाकाने कितीतरी हॉस्पिटलं मॉर्फिन ठेवायलाच तयार नसत. २०१४च्या दुरुस्तीने 'अत्यावश्यक अमली औषधं' असा वेगळा गट केला. त्यात मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं आली, आणि राज्याच्या औषध नियंत्रकांकडून मान्यता घेतलेल्या संस्थेला ती ठेवणं सोपं झालं. केटामाइन २०११मध्ये एनडीपीएसखाली आलं आणि २०१३च्या डिसेंबरात शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे विक्रीवर कडक बंधनं असलेल्या औषधांच्या यादीत, गेलं.

थिएटरमध्ये रोज घडतं ते असं. दुहेरी कुलपाचं कपाट, किल्ली इंचार्ज सिस्टरकडे. अँप्यूल देताना रजिस्टरमध्ये तारीख, पेशंटचं नाव, इनडोअर नंबर, बॅच नंबर, दिलेली संख्या. केस संपल्यावर वापरलेलं किती, टाकून दिलेलं किती, शिल्लक किती, आणि दोन सह्या. उरलेलं औषध दुसऱ्या माणसाने डोळ्यांनी पाहत असताना टाकून द्यायचं. रिकामं अँप्यूल परत केल्याशिवाय नवीन मिळत नाही. कागदावर हे चोख दिसतं. बिघडतं ते गर्दीच्या दिवशी. यादीत दहा केसेस असल्या की साक्षीदाराची सही केस संपायच्या आधीच होऊन जाते. दिवसभराच्या नोंदी संध्याकाळी एकदम, एकाच पेनाने होतात. उरलेलं औषध न लिहिता 'पूर्ण वापरलं' असं लिहिणं सोपं वाटतं. भरलेली, लेबल नसलेली सिरिंज ट्रॉलीवर सोडून सगळे चहाला जातात. यातलं एकेक पाहिलं तर आळशीपणा वाटेल, पण चोरी लपते ती याच आळशीपणाआड. दर आठवड्याला कोणतीही पाच पानं उघडून रजिस्टर आणि भुलीचा चार्ट शेजारी ठेवून ताडून पाहणं, एवढा एक उपाय आम्हाला बाकी सगळ्या परिपत्रकांपेक्षा जास्त कामाचा वाटतो.

प्रोपोफॉलचं काय? ते आपल्याकडे एनडीपीएसच्या यादीत नाही. ट्रॉलीच्या खणात उघडं असतं, आणि उघडं असण्यामागे कारणही आहे: इमर्जन्सीत पेशंटच्या घशात नळी घालायची वेळ आली की किल्ली शोधत बसता येत नाही. १९८६मध्ये बाजारात आलेल्या या औषधाची कोणाला चटक लागेल, असं बरीच वर्षं फारसं कोणी मानत नव्हतं. अमेरिकेत २००७ साली १२६ शैक्षणिक भूलविभागांची पाहणी प्रसिद्ध झाली, तीत १८ टक्के विभागांनी मागच्या दहा वर्षांत निदान एक तरी प्रकरण घडल्याचं सांगितलं. २५ जून २००९ रोजी मायकल जॅक्सनचा मृत्यू झाला, घरी झोपेसाठी दिलेल्या प्रोपोफॉलमुळे, आणि या औषधाचं नाव घरोघरी पोचलं. दक्षिण कोरियाने २०११मध्ये ते नियंत्रित औषधांत टाकलं. भूल पुरेशी आणि जीवघेणी यांच्यातलं अंतर प्रोपोफॉलमध्ये इतकं कमी आहे, की एकट्याने घेणारा माणूस अनेकदा पहिल्यांदा सापडतो तो मृतावस्थेतच. थिएटरमध्ये पेशंटचा श्वास थांबला तर मास्क धरायला आम्ही असतो, बाथरूममध्ये कोणी नसतं.

भूलशास्त्रात हे दुखणं पहिल्या दिवसापासूनचं आहे. नायट्रस ऑक्साइड वापरणारा दंतवैद्य होरेस वेल्स क्लोरोफॉर्मचे प्रयोग स्वतःवर करता करता त्याच्या आहारी गेला आणि जानेवारी १८४८मध्ये न्यूयॉर्कच्या तुरुंगात त्याने जीव दिला. आजचे आकडे अमेरिकेतले आहेत. १९७५ ते २००९ या काळात भूलशास्त्र शिकलेल्या रेसिडेंट डॉक्टरांपैकी ०.८६ टक्के शिकत असतानाच व्यसनात सापडले. ३८४ जण, त्यातल्या २८ जणांचा शिक्षण चालू असतानाच मृत्यू झाला. जगले त्यांच्यात पुन्हा व्यसनाकडे वळण्याचं प्रमाण तीस वर्षांत ४३ टक्क्यांच्या आसपास जाईल, असा अंदाज निघाला.

ओळखायचं कसं? जो जास्तीच्या ड्यूटी आपणहून मागतो, ब्रेक द्यायला कोणी आलं तरी केस सोडत नाही, घरी जायची वेळ झाली तरी थिएटरमध्ये रेंगाळतो, उकाड्यातही लांब बाह्या घालतो, त्याच्याकडे लक्ष जायला हवं. पंचाईत ही, की यातल्या पहिल्या तीन गोष्टी चांगल्या रेसिडेंटच्याही असतात. जास्त खात्रीची खूण पेशंटकडून मिळते: चार्टवर भरपूर फेंटानिल लिहिलेलं, आणि रिकव्हरीत पेशंट मात्र विव्हळतोय. एकाच डॉक्टरच्या केसेसमध्ये हे वारंवार दिसलं तर रजिस्टर काढायचं. संशय पक्का झाला तरी एकट्याने, कॉरिडॉरमध्ये, शुक्रवारी संध्याकाळी बोलायचं नाही. उघडं पडल्यानंतरचे पहिले काही तास आत्महत्येच्या दृष्टीने सगळ्यात धोक्याचे. विभागप्रमुख आणि मनोविकारतज्ज्ञ सोबत हवेत, त्याच दिवशी भरतीची सोय आधी करून ठेवलेली हवी, आणि त्याला एकट्याला खोलीवर जाऊ द्यायचं नाही. उपचारासाठी स्वतःहून पुढे येणाऱ्या व्यसनी माणसाला एनडीपीएस कायद्याचं कलम ६४अ काही मर्यादेत संरक्षण देतं. हे फार थोड्या डॉक्टरांना ठाऊक असतं.

आयसीयूत चित्र पुन्हा पालटतं. इथे पेशंटला औषध एकदाच नव्हे, दिवसेंदिवस मिळतं. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला मिडाझोलाम ५० मिलिग्रॅम ५० मिलीत, म्हणजे मिलीला १ मिलिग्रॅम, आणि फेंटानिल ५०० मायक्रोग्रॅम ५० मिलीत, म्हणजे मिलीला १० मायक्रोग्रॅम, अशा दोन सिरिंज दोन पंपांवर लावतात. पहिल्या दिवशी फेंटानिल ताशी ४ मिली पुरतं, सहाव्या दिवशी त्याच पेशंटला १० लागतं. दुखणं वाढलेलं नसतं, शरीर सरावलेलं असतं. मग निमोनिया सुधारतो, नळी काढायची ठरते, आणि कोणीतरी सकाळच्या राऊंडला दोन्ही पंप एकदम बंद करतं. संध्याकाळपर्यंत घाम, जांभया, डोळ्यांना पाणी, विस्फारलेल्या बाहुल्या, अंगावर काटा, जुलाब, १३०ची नाडी, थोडा ताप. इन्फेक्शन शोधायला कल्चर पाठवली जातात, अँटिबायोटिक बदललं जातं. इन्फेक्शन, ऑक्सिजन कमी पडणं आणि तुंबलेली लघवी ही कारणं आधी तपासलीच पाहिजेत, त्यात चूक काही नाही. पण 'गेल्या ४८ तासांत कोणता पंप बंद केला' ही ओळ त्या यादीत हवी. याला अवलंबित्व म्हणतात. पेशंटला औषधाची ओढ नसते, त्याचं नावही त्याला माहीत नसतं. शरीर मागतंय, माणूस मागत नाहीये. या पेशंटला 'ॲडिक्ट' म्हणणारा शेरा केस पेपरवर गेला तर तो पुढच्या प्रत्येक ॲडमिशनला त्याच्यामागे लागतो आणि त्याला दुखण्याचं औषध मिळेनासं होतं.

कमी करायची पद्धत सोपी आहे, चिकाटी मात्र लागते. इन्फ्युजन, म्हणजे पंपावरून सतत चालणारं औषध, तीन दिवसांच्या आतलं असेल तर बहुधा सरळ बंद करता येतं. पाच दिवसांच्या पुढे गेलं की मुळच्या डोसच्या १० ते २० टक्के रोज उतरवायचं. ताशी १० मिली फेंटानिल असेल तर ८, ६, ४, २ आणि पाचव्या दिवशी बंद. तोवर मिडाझोलामला हात लावायचा नाही. दोन्ही एकदम उतरवली तर त्रास कशाचा हे कळत नाही. लक्षणं दिसली तर आधीच्या दरावर परत जायचं, एक दिवस थांबायचं, मग १० टक्क्यांची पायरी घ्यायची. मिडाझोलामच्या जागी रायल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीतून, लोराझेपाम सुरू करून पंप सोडवता येतो. नाडी-घाम आवरायला क्लोनिडिनची मदत होते. किडनी बिघडलेल्या पेशंटमध्ये एक फसवं वळण आहे: मिडाझोलामचा एक सक्रिय घटक शरीरात साठून राहतो, त्यामुळे विथड्रॉवल उशिरा, पेशंट वॉर्डात गेल्यावर येतो, आणि वॉर्डातल्या कोणालाच पंपांचा इतिहास माहीत नसतो. ट्रान्स्फर नोटवर एकूण किती दिवस, कमाल दर किती, कधी बंद केलं, हे लिहिणं म्हणूनच महत्त्वाचं. लहान मुलांसाठी वॅट-१ नावाची गुणपद्धत आहे: एकूण गुण १२, तीन किंवा जास्त झाले की विथड्रॉवल समजून चालायचं. पाच-सहा दिवसांहून जास्त इन्फ्युजन झालेल्या प्रत्येक मुलाला ती दिवसातून दोनदा लावावी. रडतंय म्हणजे आई हवीय, असं धरून चालणं तिथे महागात पडतं.

हे सगळं टाळण्याचा मार्ग सुरुवातीलाच असतो. आधी दुखणं शमवा, गुंगी नंतर. गुंगी मोजायच्या रास मोजपट्टीवर पेशंट ० ते उणे २ मध्ये, म्हणजे हाक मारली की डोळे उघडेल असा, ठेवा. २०१८च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना मिडाझोलामपेक्षा प्रोपोफॉल किंवा डेक्समेडिटोमिडिन सुचवतात. डेक्समेडिटोमिडिन श्वास दाबत नाही, पण बरेच दिवस देऊन एकदम थांबवलं तर बीपी उसळतं, तेव्हा तेही पायरीपायरीनेच उतरवावं. खर्च जास्त असल्याने मिडाझोलामच चालतं, ही आपल्या बहुतेक आयसीयूंची वस्तुस्थिती. मग निदान रोज सकाळी पंप थांबवून पेशंट जागा होतो का ते पाहावं.

भाजलेल्या पेशंटच्या ड्रेसिंगला एक दिवसाआड केटामाइन द्यावं लागतं. आठवड्या-दोन आठवड्यांत डोस वाढत जातो. त्याने घाबरायचं कारण नाही, पण प्रत्येक वेळचा डोस एकाच कागदावर लिहिलेला असावा, म्हणजे वाढ दिसते.

शेवटी डिस्चार्ज कार्ड. आपल्याकडे पेशंटला खरी सवय लागते ती बहुतेक वेळा इथून. ऑपरेशननंतर आधी कधीही ओपिऑइड न घेतलेल्यांपैकी सुमारे ६ टक्के लोक तीन महिन्यांनंतरही ते घेत होते, असं अमेरिकेत दिसलं. आपल्याकडे ऑक्सिकोडोन घरी देत नाहीत, पण ट्रॅमाडॉल-पॅरासिटामॉलची गोळी सर्रास देतात. वॉर्डात पहिल्या रात्री 'झोपेसाठी' लिहिलेली अल्प्राझोलाम तशीच कार्डावर उतरते आणि कोणी थांबवत नाही म्हणून चालू राहते. दोन्ही औषधं शेड्यूल एच१मध्ये आहेत. केमिस्टने चिठ्ठी पाहून वेगळ्या रजिस्टरात नोंद करायला हवी आणि ते रजिस्टर तीन वर्षं ठेवायला हवं. जुनी चिठ्ठी दाखवून सहा महिने गोळी मिळते, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरी वाट कॅज्युअल्टीतली. जुनाट स्वादुपिंडदाहाचा पेशंट दर वेळी कळ आली की पेंटाझोसिनचं इंजेक्शन घेऊन जातो, मग ते स्वतः टोचायला शिकतो. दंडाची आणि मांडीची कातडी लाकडासारखी टणक झालेली दिसली की इतिहास वेगळा विचारावा लागत नाही. उलट बाजूही आहे. विदर्भातल्या सिकलसेलच्या मुलाने पुन्हा इंजेक्शन मागितलं तर आधी क्रायसिस, म्हणजे त्या आजाराचा तीव्र वेदनेचा झटका, समजायचा, संशय नंतर.

कार्ड घेताना नातेवाइकांनी चार गोष्टी पाहाव्यात. प्रत्येक दुखण्याच्या आणि झोपेच्या गोळीपुढे दिवस लिहिलेत का, नुसतं 'चालू ठेवा' नाही ना. साध्या ऑपरेशननंतर ट्रॅमाडॉल तीन ते पाच दिवसांहून जास्त का, हे विचारावं. आयसीयूतून आलेल्या पेशंटला लोराझेपाम असेल तर उतरती मांडणी हवी: सकाळ-रात्र तीन दिवस, मग फक्त रात्री तीन दिवस, मग बंद, तारखांसकट. आणि पेशंट आधीपासून व्यसनमुक्तीचे उपचार घेत असेल, तर काय काय दिलं त्याची प्रत त्या केंद्राला त्याच दिवशी पोचवावी. घरी गेल्यावर गोळीशिवाय चैन पडेनासं झालं तर १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती क्रमांकावर किंवा टेलि-मानसच्या १४४१६वर फोन करता येतो. गोळी मात्र मधल्या काळात एकदम तोडू नये.